माजी विद्यार्थ्यांचा क्रीडा हंगाम: वेळापत्रक सगळ्यात शेवटी आखा

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे क्रीडा क्लब एकाच ठिकाणी अडखळताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. ग्रुपवर कुणीतरी कल्पना मांडतं, दोन दिवसांत साठ-सत्तर नावं येतात, आठ संघ ठरतात आणि त्याच रात्री सामन्यांचं वेळापत्रक जाहीर होतं. तिसऱ्या रविवारी एका संघाचे पाचच जण येतात. चौथ्या रविवारी मैदानावर शाळेचाच कार्यक्रम निघतो. तोवर तिघा-चौघांच्या मांडीमागचे स्नायू दुखावलेले असतात आणि गुणतक्त्यावरून दोन कर्णधार एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात. स्पर्धा संपत नाही, नुसती थांबते.

या चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे: काम उलट्या क्रमाने केलं जातं. सरळ क्रम असा: आधी मैदान, मग माणसं, मग पैसे, नियम आणि शरीराची तयारी, आणि हे सगळं हातात आल्यावर वेळापत्रक. मी खेळाडू, गुणलेखक आणि आयोजक या तिन्ही नात्यांनी असे हंगाम पाहिले आहेत. पहिल्या सामन्याआधी दहा आठवडे हातात नसतील, तर सुरुवातीची तारीख पुढे ढकला. तयारीचे आठवडे कापू नका.

टप्पा १: शाळेशी बोलणं (१० आठवडे आधी)

पहिली भेट मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक या दोघांची एकत्र घ्या. बरेच जण वरून परवानगी आणतात आणि क्रीडाशिक्षकांना नंतर कळवतात. मैदानाची खरी माहिती मात्र त्यांच्याकडेच असते. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठली जाळी फाटली आहे, कुठल्या आठवड्यांत मुलांचे सराव आहेत, हे तेच सांगू शकतात. त्यांना डावलून सुरू केलेला हंगाम त्यांच्या सहकार्याशिवाय चालवावा लागतो, आणि ते फार अवघड जातं.

तिथे गेल्यावर एक गोष्ट मनात पक्की ठेवा. शाळा आपली असली तरी आता आपण तिथे पाहुणे आहोत. मैदानावर पहिला हक्क आज शिकणाऱ्या मुलांचा आहे.

बोलणं झालं की त्याच आठवड्यात एका पानाचं पत्र द्या आणि त्यावर शाळेची लेखी संमती घ्या. पत्रात एवढं तरी हवं:

- कुठले दिवस, किती ते किती वाजेपर्यंत, मैदानाचा कुठला भाग
- स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, साहित्य ठेवायची खोली यांपैकी काय मिळणार
- फाटक कोण उघडणार, कोण बंद करणार, किल्ली कुणाकडे राहणार
- काच, कुंपण किंवा खेळपट्टीचं नुकसान झालं तर भरपाई कोण करणार
- शाळेला मैदान अचानक लागलं तर किती दिवस आधी कळवणार

परीक्षा, क्रीडामहोत्सव, पालकसभा आणि सुट्ट्या यांच्या तारखा त्याच भेटीत लिहून घ्या. ‘बहुधा मोकळं असेल’ असा रविवार मोकळा धरायचा नाही.

विम्याबद्दल स्पष्ट विचारा. शाळेचा विमा बाहेरून आलेल्या प्रौढ खेळाडूंना लागू होतो, असं गृहीत धरू नका. लागू होत असेल तर लेखी उत्तर घ्या. नसेल तर खेळाडूंना तसं आधीच सांगा आणि क्लबसाठी वेगळी सोय होते का ते पाहा.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम इथेच ठरतात. मुलांचा सराव आणि आपले सामने यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. कपडे बदलायच्या खोल्या एकाच वेळी वापरायच्या नाहीत. सामन्याच्या फोटोंत शाळेची मुलं येत असतील तर शाळेला विचारल्याशिवाय ते कुठेही टाकायचे नाहीत. विद्यार्थी मदतनीस म्हणून येणार असतील तर पालकांची परवानगी हवी आणि शाळेचं एक मोठं माणूस तिथे हजर हवं.

> सावधान: हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीत रोवलेले किंवा पायाशी वजन ठेवून पक्के केलेले असल्याशिवाय एकही चेंडू मारू नका. असे पोस्ट अंगावर कोसळून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. आडव्या दांडीला लोंबकळायचं नाही, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

टप्पा २: माणसं मोजणं (९ आठवडे आधी)

‘कोण कोण खेळणार?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात, आणि त्या क्षणी ते खरंही असतं. त्याऐवजी शाळेने दिलेल्या मोकळ्या तारखा समोर ठेवा आणि विचारा, ‘यांपैकी कुठल्या तारखांना तू नक्की येणार?’ प्रत्येक नावापुढे तारखांच्या रकान्यांत खूण करून घ्या. निम्म्याहून कमी तारखांवर खूण असलेला माणूस राखीव यादीत जातो. त्याला वगळायचं नाही, पण त्याच्या भरवशावर संघही उभा करायचा नाही.

याच यादीत आणखी काही गोष्टी विचारा: वय, शेवटचं नियमित खेळणं कधी झालं, पूर्वीची दुखापत, चालू औषधं आणि अडचणीच्या वेळी फोन करायचा जवळच्या माणसाचा नंबर. ही माहिती ग्रुपवर मागायची नाही. ती एका जबाबदार माणसाकडे राहील आणि सामन्याच्या दिवशी बंद पाकिटात मैदानावर येईल.

एक चूक हमखास होते. माजी विद्यार्थिनींना कुणी वेगळं विचारतच नाही, आणि मग ‘मुलींकडून प्रतिसाद नाही’ असं ठरवून टाकलं जातं. अनेक ठिकाणी जुन्या बॅचचे ग्रुपच मुलांचे असतात. त्यामुळे निरोप पोहोचलेलाच नसतो. प्रत्येक बॅचमधून एक माजी विद्यार्थिनी शोधा, तिच्यामार्फत निरोप द्या, आणि त्यांना स्वतंत्र संघ हवा की मिश्र, हे त्यांनाच ठरवू द्या.

> तपासा: नुसता होकार देणारे आणि वर्गणी भरणारे यांचे दोन आकडे वेगळे लिहा. पुढचं सगळं गणित दुसऱ्या आकड्यावर करा.

टप्पा ३: संघ पाडणं

बॅचनुसार संघ पाडणं सगळ्यांना आवडतं, आणि हंगाम बिघडवायला तेच पुरतं. शाळा सोडून तीन वर्षं झालेली मुलं आणि पंचवीस वर्षं झालेली माणसं समोरासमोर आली की निकाल आधीच ठरलेला असतो. दोन मोठे पराभव झाले की मोठ्या बॅचचे लोक येणं थांबवतात, आणि क्लबचा कणा तेच असतात.

माझ्या मते मिश्र संघच बरे. खेळाडूंचे तीस वर्षांखालचे, तीस ते चाळीस आणि चाळिशीपुढचे असे तीन गट करा. कर्णधारांनी प्रत्येक गटातून आळीपाळीने निवड करायची. क्रम सापासारखा फिरवा: पहिल्या फेरीत शेवटी निवडणारा दुसऱ्या फेरीत पहिला निवडेल. त्यासोबत ‘मैदानावर कायम किमान तीन खेळाडू चाळिशीपुढचे हवेत’ असा नियम ठेवला, की मोठ्यांना नुसतं बाकावर बसवून ठेवता येत नाही.

संघाचा आकार नेहमी कमी धरला जातो. सात जणांच्या फुटबॉलला बारा, अकरा जणांच्या खेळाला अठरा, सहा जणांच्या व्हॉलीबॉलला दहा नावं लागतात. प्रौढ माणसांना प्रवास असतो, आजारपण असतं, घरची कामं असतात. दर रविवारी तीन-चार जण कमी पडणार हे धरूनच चाला. नावं पुरत नसतील तर खेळाडू वाढवण्याच्या मागे लागू नका, संघ कमी करा.

टप्पा ४: पैसे

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण जे आहे ते काटेकोर पाळावं लागतं. आधी खर्चाची यादी करा: चेंडू, जाळ्या, आखणीचा चुना, पंचांचं मानधन, प्रथमोपचार पेटी, मैदान सांभाळणाऱ्यांचा मोबदला, स्वच्छता आणि नुकसानभरपाईसाठी बाजूला ठेवायची रक्कम. एकूण खर्चाला नावं दिलेल्यांच्या संख्येने भागू नका. त्या संख्येच्या चार पंचमांशाने भागा, कारण काही जण मागे राहतातच. हंगाम अर्धा झाल्यावर जास्तीची वर्गणी मागण्यापेक्षा शेवटी थोडी शिल्लक राहिलेली परवडते.

पैसे एकाच्या खासगी खात्यात साठवायचे नाहीत. खर्चाला दोघांची मान्यता हवी. प्रत्येक पावती जपून ठेवा आणि दर महिन्याला जमाखर्च सगळ्यांना दाखवा. ज्याला वर्गणी जड जाते त्याने खजिनदाराला एकट्यात सांगावं आणि ती गोष्ट तिथेच राहावी. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकल्यामुळे चांगली माणसं कायमची तुटलेली मी पाहिली आहेत.

टप्पा ५: नियमांचं एक पान (७ आठवडे आधी)

खेळाचे अधिकृत नियम आहेतच. भांडणं होतात ती त्यांत नसलेल्या गोष्टींवरून. म्हणून आपलं एक पान लिहा आणि प्रत्येक कर्णधाराची त्यावर सही घ्या. पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यात हवीतच.

*माजी विद्यार्थी म्हणजे कोण?* शाळेच्या पटावर किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष असलेला, अशी व्याख्या सोपी पडते. शिक्षक खेळू शकतात का, खेळाडूचा भाऊ किंवा मित्र पाहुणा म्हणून चालतो का, हेही लिहा. पाहुणा चालणार असेल तर एका सामन्यात एकच, आणि अंतिम फेऱ्यांत कुणीही नाही.

*किती वेळ थांबायचं?* पंधरा मिनिटं ठीक आहेत. किमान किती खेळाडूंवर सामना सुरू होईल तेही ठरवा. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. तोच आकडा धरता येतो.

*बदली खेळाडू.* फुटबॉलच्या नियमांत हौशी आणि ज्येष्ठांच्या सामन्यांसाठी बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत येण्याची मुभा देता येते. ती जरूर घ्या. चाळिशीतल्या माणसाला दहा मिनिटं श्वास घेऊन परत येता आलं, तर तो हंगामभर टिकतो.

*समान गुण झाले तर?* हा क्रम पहिल्या सामन्याआधी लिहिलेला नसेल तर वाद अटळ आहे. मी हा क्रम ठेवतो: आपसातल्या सामन्याचा निकाल, मग गोलफरक किंवा क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती (आपल्या षटकामागच्या धावा वजा प्रतिस्पर्ध्यांच्या षटकामागच्या धावा), मग एकूण गोल किंवा विजय, आणि शेवटी नाणेफेक.

धावगतीच्या हिशेबात दोन चुका ठरलेल्या. पहिली, १६.२ षटकं म्हणजे दशांश १६.२ नव्हे. ती १६ षटकं आणि २ चेंडू, म्हणजे १६.३३ षटकं. ९८ धावा १६.२ षटकांत झाल्या तर धावगती बरोबर ६.०० येते. गणकयंत्रात नुसतं १६.२ टाकलं तर ६.०५ येते, आणि तेवढ्या फरकावर संघ बाहेर जाऊ शकतो. दुसरी, संघ सर्वबाद झाला तर भागाकार खेळलेल्या षटकांनी करायचा नाही. त्याच्या वाट्याच्या पूर्ण षटकांनी करायचा.

*संघाने माघार घेतली तर?* निम्मे सामने व्हायच्या आधी माघार घेतली तर त्याचे सगळे निकाल रद्द. नंतर घेतली तर झालेले निकाल कायम आणि उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल.

कडक मैदानावर घसरून चेंडू काढायला बंदी घाला. पंचांशी वाद घालायचा हक्क फक्त कर्णधाराला द्या, तोही सामना संपल्यावर आणि लेखी.

> तपासा: नियमांचं पान ज्याने लिहिलं नाही अशा एका कर्णधाराला ते वाचायला द्या आणि तीन काल्पनिक वाद त्यावरून सोडवायला सांगा. तो अडला तर नियम अपुरा आहे.

टप्पा ६: शरीर (८ आठवडे आधी सुरू)

हा टप्पा सगळे टाळतात आणि सगळ्यांत जास्त खेळाडू इथेच गमावतात.

कारण समजून घ्या. पळायला लागलं की दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही बऱ्यापैकी साथ देऊ लागतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता दम पुरतोय’ म्हणून माणूस पूर्ण वेगाने धावतो, आणि तेव्हाच काहीतरी तुटतं. त्यात डोक्याला विशीतली धाव आठवत असते. चेंडू दिसला की मन तोच वेग मागतं.

मांडीमागचा स्नायू बहुतेकदा पूर्ण वेगात धावताना जातो. टाचेमागची कंडरा जागच्या जागी उभं असताना अचानक जोर देऊन निघताना तुटते: बॅडमिंटनमध्ये पुढे झेपावताना, व्हॉलीबॉलमध्ये उडी घेताना, क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना. अशी कंडरा तुटलेला माणूस बहुधा मागे वळून पाहतो, कारण मागून कुणीतरी लाथ मारली असं त्याला वाटतं. तीस ते पन्नास या वयात अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांत ही दुखापत विशेष दिसते, आणि आपला संघ नेमका त्याच माणसांचा असतो.

बरीच वर्षं न खेळलेल्यांसाठी आठ आठवड्यांची आखणी अशी:

1. आठवडा १ आणि २. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. भरभर चालणं, मध्ये दोन-दोन मिनिटं सावकाश धावणं. शेवटी टाचा उचलण्याचे पंधराचे दोन संच.
2. आठवडा ३ आणि ४. सलग हलकं धावणं. त्यानंतर चाळीस-पन्नास मीटरच्या सहा ते आठ धावा, पूर्ण वेगाच्या साधारण ६० ते ७० टक्के. उठाबशा, पाठीवर झोपून कंबर उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं.
3. आठवडा ५ आणि ६. वळणं, थांबणं, पुन्हा निघणं. वेग ८० ते ९० टक्के. चेंडू आता हातात घ्या. मांडीमागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर उभं राहून, कुणीतरी घोटे धरलेले असताना शरीर सावकाश पुढे सोडायचा व्यायाम. सुरुवातीला चार-पाच वेळाच, कारण दुसऱ्या दिवशी तो चांगलाच जाणवतो.
4. आठवडा ७ आणि ८. पूर्ण वेगाच्या मोजक्या छोट्या धावा आणि अर्ध्या वेळेचे दोन सराव सामने.

दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. लंगडत चालावं लागत असेल तर पुढच्या आठवड्यात जायचं नाही, मागच्या आठवड्यात परत जायचं. नियमित खेळणाऱ्यांना शेवटचे तीन आठवडे पुरतात.

डॉक्टरांकडे जाणं हा कागदी उपचार समजू नका. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असणं, किंवा चाळिशीनंतर दीर्घ खंडाने खेळाकडे परतणं, यांपैकी काहीही असेल तर तयारीच्या पहिल्या आठवड्याआधी तपासणी करून घ्या. श्रमाच्या वेळी छातीत दाब येणं, चक्कर येणं किंवा शुद्ध हरपणं कधीही झालं असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानावर पाय ठेवायचा नाही. कर्णधाराने इथे मैत्री आड येऊ देऊ नये.

> सावधान: पहिला सराव सामना लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळू नका. ‘काल मजा आली, आज परत’ या उत्साहात झालेल्या दुखापती मी सर्वाधिक पाहिल्या आहेत.

टप्पा ७: आता वेळापत्रक (३ आठवडे आधी)

आता तुमच्याकडे मोकळ्या तारखा, पैसे भरलेली माणसं आणि सही झालेले नियम आहेत. वेळापत्रक एका संध्याकाळचं काम आहे.

प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळणार असेल, तर संघांच्या संख्येला त्याहून एक कमी संख्येने गुणा आणि निम्मं करा. पाच संघांचे १० सामने, सहांचे १५, आठांचे २८. रविवारी दोनच सामने होत असतील तर आठ संघांना नुसत्या साखळीसाठी १४ रविवार लागतात. एवढे मोकळे रविवार सहसा कुठलीच शाळा देत नाही. आठ संघांचा हट्ट अर्ध्यावर का थांबतो ते इथे कळतं.

बाद पद्धत सोपी वाटते, पण त्यात निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. आठ आठवडे तयारी करून आलेल्या माणसाला एकच सामना देणं अन्यायाचं आहे.

पहिल्या हंगामाला पाच संघ ठेवा, असा माझा आग्रह आहे. विषम संख्या अडचणीची वाटते, पण तिचा फायदा मोठा आहे: ज्या संघाला विश्रांती, तोच त्या दिवशी गुणलेखन, रेषापंच, घड्याळ आणि प्रथमोपचार सांभाळतो. बाहेरून माणसं शोधावी लागत नाहीत आणि आपल्याच सामन्यात आपणच गुण लिहिल्याचा संशय राहत नाही.

पाच संघांची मांडणी अशी बसते:

- फेरी १: २ विरुद्ध ५, ३ विरुद्ध ४. काम संघ १ कडे.
- फेरी २: १ विरुद्ध ५, २ विरुद्ध ३. काम संघ ४ कडे.
- फेरी ३: १ विरुद्ध ४, ३ विरुद्ध ५. काम संघ २ कडे.
- फेरी ४: १ विरुद्ध ३, २ विरुद्ध ४. काम संघ ५ कडे.
- फेरी ५: १ विरुद्ध २, ४ विरुद्ध ५. काम संघ ३ कडे.

जास्त संघांसाठीही युक्ती हीच. संघ दोन ओळींत समोरासमोर लिहा, पहिला जागेवर ठेवा आणि बाकीचे दर फेरीला एक घर पुढे फिरवा. संख्या विषम असेल तर एक घर ‘विश्रांती’ म्हणून ठेवा. जोड्या आठवून आठवून मांडायला गेलं की एखादी जोडी दोनदा येते आणि एखादी राहूनच जाते.

तिसऱ्या फेरीनंतर एक आणि पाचवीनंतर एक रविवार राखीव सोडा. तो पावसासाठी आणि शाळेच्या अचानक आलेल्या कार्यक्रमासाठी आहे. पुढे दुसरा विरुद्ध तिसरा असा एक सामना आणि त्यातल्या विजेत्याची पहिल्या संघाशी अंतिम लढत. एकूण ९ रविवार झाले. राखीव दिवस रिकामा गेला तर सराव करा, पुढचा सामना अलीकडे ओढू नका. लोकांनी त्या तारखा गृहीत धरून घरची कामं लावलेली असतात.

> तपासा: जाहीर करण्याआधी वेळापत्रक क्रीडाशिक्षकांना दाखवा. प्रत्येक संघाला सकाळचे पहिले सामने सारखेच आले आहेत का, तेही मोजा. ऊन चढल्यावरचा सामना नेहमी एकाच संघाच्या वाट्याला येता कामा नये.

टप्पा ८: सामन्याचा दिवस

सव्वा तास आधी दोघांनी मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहायचं. दगड, काचा, खड्डे, पाण्याच्या नळांची उघडी तोंडं, पोस्टचे आधार. व्हॉलीबॉलची जाळी मुलांच्या उंचीवर बांधलेली असते, ती मोजून लावा: पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. मिश्र सामन्याची उंची नियमांच्या पानावर आधीच लिहिलेली हवी.

पाऊण तास आधी पाणी, बर्फ, प्रथमोपचार पेटी आणि संपर्क क्रमांकांचं पाकीट जागेवर. रुग्णवाहिका आत येऊ शकेल ते मोठं फाटक कुलूप काढून ठेवा. आमच्या एका सामन्यात घोट्याचं हाड मोडलेल्या खेळाडूला छोट्या दारातून उचलून न्यावं लागलं, कारण मोठ्या फाटकाची किल्ली कुणाकडे आहे हेच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून हे काम एकाच नावावर लिहिलेलं असतं.

वीस मिनिटं आधी शरीर तापवणं, सगळ्यांनी मिळून. आधी हलकं धावणं, मग पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम, शेवटी थोड्या वेगवान धावा आणि वळणं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम याच तीन भागांत बांधलेला आहे आणि तो शिकायला सोपा आहे. थंड शरीराने मिनिट-मिनिट ताण धरून उभं राहणं म्हणजे तयारी नव्हे. उशिरा आलेल्यानेही हे सगळं करूनच आत यायचं.

काम करणाऱ्या संघातल्या दोघांना पुढच्या गोष्टी पाठ हव्यात.

कुणी कोसळला, हाक मारल्यावर प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने रुग्णवाहिका बोलवायची आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात करायची: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र जवळ कुठे आहे हे हंगामाआधीच शोधून ठेवा. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखं, मळमळल्यासारखं किंवा अंधुक वाटत असेल तर तो खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. शुद्ध गेली नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा झोपाळलेपणा दिसला तर थेट रुग्णालय.

घोटा मुरगळला तर खेळ थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा आणि पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर क्ष-किरण तपासणी करा.

विजांचा गडगडाट ऐकू आला की सामना तिथेच थांबवून पक्क्या इमारतीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानावर यायचं नाही. हा निर्णय पंचांचा. त्यावर मतदान घ्यायचं नाही.

सामना संपल्यावर दोन्ही कर्णधारांनी गुणपत्रकावर सही केल्याशिवाय कुणी निघायचं नाही. सही झालेलं पत्रक लगेच फोटो काढून ठेवा. घरी गेल्यावर आठवणींतून दुरुस्त केलेले आकडे कुणालाच पटत नाहीत.

टप्पा ९: हंगाम चालू असताना

दर मंगळवारी पुढच्या रविवारची हजेरी घ्या. शनिवारी रात्री घेतलेल्या हजेरीचा उपयोग नाही, कारण तेव्हा राखीव खेळाडूला निरोप पोहोचत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर प्रत्येक संघाची यादी काढा आणि एकही सामना न मिळालेले, किंवा दहा मिनिटांपेक्षा कमी खेळलेले कोण ते पाहा. त्या माणसांशी स्वतः फोनवर बोला. ते तक्रार करत नाहीत, हळूच येणं बंद करतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची नावंच येत नाहीत. जिंकायच्या नादात कर्णधाराच्या हे लक्षात येत नाही, म्हणून ते आयोजकाने पाहायचं.

तक्रारी तिघांच्या समितीने ऐकाव्यात. वादातल्या संघाचा माणूस त्या दिवशी समितीत बसणार नाही. निर्णय अठ्ठेचाळीस तासांत आणि दोन ओळींत लेखी.

टप्पा १०: आवराआवर

अंतिम सामन्यानंतर बक्षिसं लवकर उरका. गुणलेखक, पंच आणि मैदान सांभाळणारे यांची नावं विजेत्यांच्या आधी घ्या.

त्यानंतरच्या आठवड्यात तीन कामं करायची आहेत. साहित्य मोजून, तुटलेलं वेगळं काढून, यादीसह खोलीत ठेवा. जमाखर्च सगळ्यांना पाठवा आणि शिल्लक कुठे जाणार ते ठरवा. मुलांच्या सरावासाठी चेंडू किंवा जाळ्या देता आल्या तर उत्तम, पण काय हवं ते क्रीडाशिक्षकांना विचारून. तिसरं, एक वही तयार करा: शाळेचं पत्र, नियमांचं पान, दुखापतींच्या नोंदी, सगळी गुणपत्रकं, कुठल्या रविवारी किती जण आले. पुढच्या वर्षी किती संघ ठेवायचे हे त्या शेवटच्या आकड्यावरून ठरेल.

मग किल्ली परत द्यायला शाळेत जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, पुढच्या हंगामाच्या तारखांचा अर्ज सोबत न्या. शाळेचं पुढचं वार्षिक नियोजन व्हायच्या आधी तो पोहोचला तर हवे ते रविवार मिळतात. नंतर गेलात तर उरलेले मिळतात.